अभयची गाडी

आमच्या घरात सकाळी पहिला आवाज व्हायचा तो बनियन पिळण्याचा. आई अभयचे चार बनियन आदल्या संध्याकाळी माठातल्या पाण्यात बुडवून ठेवी आणि तो उठला की त्यातला एक पिळून त्याच्या अंगात चढवी. उरलेले तीन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दप्तरात जात. अभय माझा धाकटा भाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. त्याला घाम येत नसे. कमी येतो असं नव्हे, येतच नसे. जन्मतःच त्याच्या कातडीत घामाच्या ग्रंथी नव्हत्या. त्याच दुखण्यामुळे त्याचे केस विरळ होते, दात मोजकेच आणि टोकदार होते, आवाज घोगरा होता. लोक त्याचे दात बघत. आम्ही त्याचे कान बघत असू. कान लाल झाले की पाच मिनिटांत त्याच्या अंगावर पाणी पडलं पाहिजे, हे मला पाढे यायच्या आधीपासून माहीत होतं.

पेरंबूरच्या रेल्वे कॉलनीत आमचं क्वार्टर तळमजल्यावर होतं. बाबा मिरजेहून बदलीवर इकडे आले तेव्हा अभय जेमतेम दोन वर्षांचा होता. मिरजेत त्याचं दुखणं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मद्रासच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्याला असा ताप चढला की शेजारपाजारच्यांनी आईला धरून बसवलं होतं म्हणे. (चेन्नई हे नाव नंतरचं, आई तर शेवटपर्यंत मद्रासच म्हणत राहिली.) वेल्लोरच्या डॉक्टरांनी निदान केलं आणि सांगितलं की यावर औषध नाही, याला फक्त थंड ठेवा. बाबांनी परत जाण्यासाठी अर्जांवर अर्ज केले. एकही मंजूर झाला नाही. मग एका उन्हाळ्यात त्यांनी अर्ज करणं सोडलं आणि घराला पाणी कसं पुरेल याच्या मागे लागले.

पाणी हीच आमची खरी चिंता होती. उन्हाळ्यात नळ कोरडे पडत आणि कॉलनीच्या फाटकाशी पाण्याची लॉरी येई. लॉरीचा हॉर्न वाजला की आई हातातलं पीठ तसंच टाकून रंगीत कुडम घेऊन धावे. कुडम म्हणजे तिथल्या प्लॅस्टिकच्या घागरी. आम्हाला त्याला दुसरा शब्द कधी सुचलाच नाही. भांडणाचं तमिळ आई तिथल्या रांगेत शिकली. बाजारातलं तमिळ तिला शेवटपर्यंत नीट आलं नाही, पण रांगेतलं तिचं तमिळ ऐकून बायका बाजूला सरत. जेवण सगळं मऊ असे, कारण अभयला चावता येत नसे. दहीभात, ताकात कुस्करलेली भाकरी, मऊ शिजवलेला भोपळा. एप्रिलमध्ये ताडगोळे आले की आई ते सोलून, कुस्करून दुधात घाली. आम्ही सगळे तेच खात असू. आजही मला कडक काही खाताना उगीचच आवाज फार होतोय असं वाटतं.

गाडी आमच्याकडे आली ती या सगळ्यासाठी. पांढरी, जुनी, एका निवृत्त साहेबांनी वापरलेली. कॉलनीत बाबांच्या हुद्द्याच्या कुणाकडेही गाडी नव्हती आणि लोक थोडं बोललेही. पण बाबा वर्कशॉपमध्ये एसी डब्यांच्या विभागात फिटर होते. पुदुपेटमध्ये जुने सुटे भाग विकणारी दुकानं आहेत, तिथल्या सेल्वम नावाच्या मेकॅनिककडून त्यांनी गाडीत एसी बसवून घेतला आणि त्यानंतर त्याची सगळी दुरुस्ती घरीच, कडुनिंबाखाली करत. रविवारी दोन काट्यांचं मीटर लावून गॅसचा दाब बघत आणि समाधानानं हुंकार देत. "ही गाडी अभयची आहे," ते म्हणत. "आपण सगळे तिच्यात बसतो, एवढंच."

ज्या आठवड्याबद्दल मी लिहायला बसले आहे, तो अभयच्या दहावीच्या परीक्षेचा. त्याच्या आदल्या वर्षी गणिताच्या पेपराच्या दिवशी तो वर्गातच आजारी पडला होता आणि वर्ष गेलं होतं. म्हणून या वेळी बाबांनी सगळं ठरवून ठेवलं होतं. परीक्षेचं केंद्र एग्मोरला. सकाळी थंड गाडीतून जायचं. वर्गात पंख्याखालची जागा शाळेनं मान्य केली होती, आणि ओल्या बनियनवर तो तीन तास कसेबसे काढू शके. पण एक वाजता बाहेर आला की त्याला एका मिनिटाचाही धीर नसे. फाटकाबाहेर गाडी गार होऊन उभी असली पाहिजे. पहिले दोन पेपर असेच झाले. तो बाहेर येई, मागच्या सीटवर आडवा होई, मी त्याच्या मानेखाली गार टॉवेल सरकवी, आणि वाटेवरचं किलपॉक येईपर्यंत त्याचे कान परत कानांच्या रंगाचे होत.

दुसरा पेपर गुरुवारी होता. परतताना अभय डोळे मिटून म्हणाला, "बाबा, वारा गरम येतोय."

बाबांनी जाळीसमोर हात धरला. बटण फिरवलं, परत फिरवलं. आम्ही काचा खाली केल्या आणि उरलेलं पाणी मी त्याच्या डोक्यावर ओतलं. घरी पोचेपर्यंत बाबा एकच वाक्य बोलले. "गॅस गेलाय. कुठेतरी नळी गळतेय."

मागच्या सीटवर बसून मला दरदरून घाम फुटला. कारण ती नळी कुठे गळत होती, ते मला माहीत होतं.

दोन आठवड्यांपूर्वी, बाबा कामावर असताना, मी गाडी एकटीनं बाहेर काढली होती. मी एकोणीस वर्षांची होते, बाबा मला रविवारी मैदानावर गाडी शिकवत, शिकाऊ लायसन्स मिळालं होतं. एकटीनं काढायची नाही, अशी सक्त ताकीद होती. पण कॉलेजातल्या दोन मैत्रिणी आल्या होत्या आणि मला त्यांना दाखवायचं होतं, यापलीकडे त्याला काही कारण नाही. आमच्या कॉलनीत रस्त्याच्या कडेला जुने रूळ कापून खांबांसारखे उभे पुरलेले असत. वळताना मी त्यातल्या एकावर गेले. जोरात नाही; मैत्रिणी हसल्यासुद्धा. उतरून पाहिलं तर पुढच्या प्लॅस्टिकच्या जाळीच्या दोन पट्ट्या तुटल्या होत्या आणि त्यामागे, रेडिएटरच्याही पुढे, पातळ पत्र्यांमधून जाणारी एक तांब्याची नळी आत दबली होती. मी पट्ट्या डिंकानं चिकटवल्या, वर धूळ चोळली. नळी दबली तर दबली, फुटली तर नाही ना, असं स्वतःला सांगितलं. गाडी नेहमीसारखीच थंड होत होती. मी विसरूनही गेले होते.

गणिताचा पेपर बुधवारी होता. मध्ये पाच दिवस. सेल्वम गावच्या देवळाच्या उत्सवाला गेला होता आणि त्याच्या दुकानाला कुलूप होतं. इतर गॅरेजवाले म्हणाले, गाडी ठेवून जा, पुढच्या आठवड्यात बघू. बाबांनी एग्मोरच्या हॉटेलांमध्ये एसी टॅक्सीची चौकशी केली. लग्नाचे मुहूर्त होते, त्या दिवशीच्या सगळ्या गाड्या गेलेल्या. "घरीच करू," ते म्हणाले. "पाच दिवस पुष्कळ झाले." त्यांनी रजा टाकली आणि शुक्रवारी सकाळी कडुनिंबाखाली सतरंजी अंथरली.

दोन वर्षांपूर्वी डॅशबोर्डच्या आतलं कूलिंग कॉइल गळलं होतं. गार वारा जिथून येतो ते हे कॉइल. या वेळीही तेच असणार, असं बाबांनी धरलं, आणि त्यांच्या जागी कुणीही तेच धरलं असतं. शुक्रवारी त्यांनी साबणाचा फेस करून हाताला येतील तेवढे सांधे तपासले. शनिवारी डॅशबोर्ड उघडायला घेतला. स्क्रू, वायरी, पट्ट्या. आईच्या स्टीलच्या ताटल्यांत त्यांनी सगळं क्रमानं मांडलं होतं आणि कुणी त्या हलवू नयेत म्हणून वर तिची जुनी साडी पांघरली होती. मी त्यांना पाना देत होते, बॅटरी धरत होते. प्रत्येक स्क्रू निघताना मी मनात म्हणत असे, आता सांगू. आणि प्रत्येक वेळी असंही वाटे की कदाचित खरंच आतलंच कॉइल असेल. हे दोन्ही विचार एकाच वेळी मनात वागवता येतात, हे मला तेव्हा कळलं. पुढे आयुष्यात मी इतरांना असं वागताना पाहिलं तेव्हा त्यांच्यावर रागावणं मला जमलं नाही.

रविवारी कॉइल बाहेर आलं. बाबांनी ते पाण्याच्या पिंपात बुडवलं आणि सायकलच्या पंपानं त्यात हवा भरली. गळती असती तर बुडबुडे आले असते. पाणी निश्चल राहिलं. लॉरीचं पाणी होतं ते, दोन दिवस पुरवायचं. आई दारात उभी राहून बघत होती. बाबांनी कॉइल उलटं करून पुन्हा बुडवलं. पुन्हा हवा भरली. घरातून अभयचा आवाज येत होता; तो पंख्याखाली ओल्या फरशीवर पालथा पडून सूत्रं पाठ करत होता. संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा बाबा पिंपापाशी उकिडवे बसले होते. "मला काहीतरी दिसत नाहीये, मंजू," ते म्हणाले. "म्हातारा झालो की काय." त्यांना अशा आवाजात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी चहा ठेवला आणि आत आले. तेव्हाही सांगितलं नाही.

सांगितलं ते सोमवारी दुपारी. ऊन असं होतं की कडुनिंबाच्या सावलीतही लोखंडी पाने हाताला चटके देत होते. बाबा डॅशबोर्डखाली उताणे पडले होते, पाय दाराबाहेर. आतल्या नळ्यांचा इंच न् इंच ते बोटांनी चाचपत होते. उजव्या पायाच्या अंगठ्याला लागलं होतं आणि त्यावर माशी बसत होती. पाय हलवून ते ती उडवत आणि ती परत येई. मी त्या पायाकडे बघत म्हणाले, "बाबा, गळती तिथे नाहीये."

"काय?"

"पुढे आहे. जाळीच्या मागे. मी गाडी आपटली होती, रुळाच्या खांबावर. दोन आठवडे झाले."

पाय तसेच राहिले. माशी अंगठ्यावर येऊन बसली आणि त्यांनी ती उडवली नाही. मग आतून आवाज आला, "कुठल्या बाजूला?"

"डाव्या."

ते सरकत बाहेर आले. माझ्याकडे न बघता त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला, पुढची जाळी काढली. दबलेल्या नळीभोवती धूळ तेलकट होऊन चिकटली होती, हाताच्या पंजाएवढा काळा डाग. गॅसबरोबर तेल येतं, गळती असली की असा डाग पडतो, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. त्यांनी बोट लावलं, वास घेतला.

"हे शुक्रवारी कळलं असतं," ते म्हणाले, "तर एका दिवसाचं काम होतं."

एवढंच. पुढे आयुष्यभर त्यांनी यावर दुसरं वाक्य उच्चारलं नाही. फक्त ती नळी असलेला पुढचा भाग, कंडेन्सर, सोडवून, तो वर्तमानपत्रात गुंडाळून सायकलला बांधताना म्हणाले, "आईला आत्ता काही सांगू नकोस. तिला बुधवारपर्यंत उभं राहायचंय."

मंगळवारी दुपारी वर्कशॉपमधून नळी सांधून आली. कंडेन्सर बसवला. पण आता उघडलेला डॅशबोर्ड, बाहेर काढलेलं कॉइल, तीन दिवस ताटल्यांत मांडलेले ते सगळे स्क्रू, हे परत जागेवर जायचं होतं. आम्ही दोघं न जेवता भिडलो. मी पहिल्यांदाच कुठलाही विचार मनात न ठेवता काम करत होते. नळ्या जोडून झाल्यावर त्यांतली हवा पूर्ण खेचून काढावी लागते, मगच गॅस भरता येतो. त्यासाठी बाबांनी जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरचा पंप बनवला होता. साडेपाचला त्यांनी त्याचं बटण दाबलं, तो गुरगुरला, मीटरचा काटा खाली जाऊ लागला, आणि करंट गेला. कॉलनीबाहेरचा ट्रान्सफॉर्मर जळला होता. बुधवारी सकाळ उजाडली तरी करंट आला नव्हता.

"नको पाठवायला," आई म्हणाली. ती बनियन पिळत होती आणि पिळता पिळता थांबली होती. "राहू दे अजून एक वर्ष. जीव राहिला तर परीक्षा होतील."

अभय पाटावर बसून दहीभात खात होता. सोळा वर्षांचा मुलगा, पण बसायचा लहान मुलासारखा, थंड फरशीला पाय टेकवून. "मी जाणार," तो म्हणाला. "तीन तास मी काढतो. नंतरचं तुम्ही बघा."

बाबा दारात उभे होते. चार दिवसांची दाढी, हातांना काळं. "एक वाजता मी फाटकाशी असेन," ते म्हणाले. "गाडी गार करून."

शेजारचे रावमामा ऑटो घेऊन आले. ते मूळ तंजावरचे मराठी. त्यांच्या घराण्याला इकडे येऊन किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही सांगता येत नसे. त्यांचं मराठी जुन्या पत्रांतल्यासारखं होतं आणि त्याला तमिळचा हेल होता. त्यांनी येताना बाजारातून आणलेला बर्फ फोडून बादलीत ओतून दिला. "तुम्ही पुढें व्हा अक्का," ते आईला म्हणाले. "करंट आल्याखेरीज मी तिथून हलत नाहीं. तारवाल्यांच्या मागें बसतों." आणि ते खरोखरच विजेच्या माणसांच्या मागे जाऊन उभे राहिले.

अभय दहाला आत गेला. आई आणि मी शाळेच्या भिंतीलगत, पिंपळाच्या तुटपुंज्या सावलीत बादली घेऊन बसलो. बर्फावर गोणपाट टाकलं होतं, तरी अकरापर्यंत त्याचे खडे झाले आणि बारापर्यंत पाणी. आई दर थोड्या वेळानं बादलीत हात घालून बघे. समोरून जाणारी प्रत्येक पांढरी गाडी मला आमची वाटत होती. साडेबाराला मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. पावणेएकला एका बसच्या ड्रायव्हरनं मला शिव्या दिल्या.

एक वाजता घंटा झाली. मुलं प्रश्नपत्रिकांवर बोटं ठेवून वाद घालत बाहेर पडू लागली. अभय शेवटी आला, भिंतीला हात लावत. त्याचे कान लाल नव्हते, जांभळे होते. चेहरा कोरडा ठणठणीत. "ताई, गाडी कुठेय?" तो म्हणाला आणि ते शब्द एकमेकांत मिसळले होते. मी बादलीतलं सगळं पाणी त्याच्यावर ओतलं. ते आता कोमट झालं होतं. तो माझ्याकडे बघून विचित्र हसला, आणि गुडघ्यांतून खाली बसला.

पुढचं मला तुकड्यांतच आठवतं. आई ऑटोच्या पुढ्यात आडवी उभी राहिली होती. ऑटोवाल्यानं आतली माणसं उतरवली आणि आम्हाला घेतलं. रस्ताभर तो हॉर्नवरचा हात काढत नव्हता. अभयचे हातपाय झटके देत होते आणि मी त्याची मान धरून त्याच्या तोंडावर वहीनं वारा घालत होते, जो गरमच होता. जवळच्या सरकारी इस्पितळात नर्सनं त्याच्या छातीवर हात ठेवला, काढला, परत ठेवला. "वेर्वै वरादा?" तिनं विचारलं. घाम येत नाही का?

"वरादु, सिस्टर," आई म्हणाली. "पिरंददुलेरुंदे." नाही येत. जन्मापासूनच. पाण्याच्या रांगेतला तो आवाज, तेच तमिळ, पण इतकं हळू की नर्सला वाकून ऐकावं लागलं.

त्यांनी त्याला आत नेलं, बर्फात ठेवलं, शिरेतून थंड सलाईन लावलं. आम्हाला बाकावर बसवलं. तासाभरानं एक डॉक्टर येऊन म्हणाले, ताप उतरतोय, झटके थांबलेत, पण शुद्धीवर येईपर्यंत काही सांगता येत नाही.

मी बाबांना बघायला खाली गेले. शाळेच्या शिपायाला आम्ही निरोप सांगून ठेवला होता, म्हणजे ते इथे येणार हे नक्की होतं. इस्पितळाच्या आवारात, रुग्णवाहिकांच्या मागे, आमची गाडी उभी होती. इंजिन चालू. काचा बंद आणि त्यांच्यावर बाहेरून दव जमलं होतं. बाबा स्टिअरिंगवर बसले होते. मी दार उघडलं तर आतून असा गारवा आला की अंगावर काटा उभा राहिला.

"सव्वाबाराला करंट आला," ते समोर बघत म्हणाले. "तासभर हवा खेचायला हवी होती, मी अर्ध्या तासात उरकलं. गॅसचा एकच डबा होता. पाइप निसटला. हातानं दाबून धरला, नाहीतर सगळा गेला असता." त्यांच्या उजव्या हाताची बोटं पांढरीफटक पडली होती आणि दोन बोटांवर फोड आले होते. गॅस इतका थंड असतो की कातडी भाजते. त्याच हातानं ते गाडी चालवत आले होते. "शाळेपाशी दीडला पोचलो. शिपायानं सांगितलं."

"वर चला, बाबा."

"इंजिन बंद केलं आणि परत थंड झाली नाही तर? त्याला घेऊन जायचंय ना." ते रिकाम्या मागच्या सीटकडे वळले. "हात लावून बघ. थंड आहे ना?"

मी सीटवर हात ठेवला. थंड होती. मी तसं सांगितलं. मग ते रडले. तोंडावर तो भाजलेला हात ठेवून, आवाज न करता. मी पुढे वाकून इंजिन बंद केलं आणि त्यांना धरून वर नेलं. नर्सनं त्यांच्या हाताला पट्टी बांधली.

बाबांचं बँडेज चालू असताना मी आईशेजारी बसले आणि तिला सगळं सांगितलं. गाडी, खांब, डिंक, चार दिवसांचं गप्प राहणं. ती ऐकत होती, पण तिचा चेहरा बदलला नाही. मला वाटलं, तिला ऐकूच येत नाहीये. मग ती म्हणाली, "वेल्लोरच्या डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं होतं. हे आईकडून येतं. आईला काही होत नाही, मुलाला होतं. माझा एक मामा लहानपणी तापानं गेला होता. तेव्हा कुणाला ठाऊक होतं. तू एक नळी वाकवलीस, मंजू. ती बाबांनी सांधली. मी रोज सकाळी त्याला बनियन घालते तेव्हा माझ्या मनात काय येतं ते मी कुणाला सांगू?"

मी तिचा हात धरला. ती पुढे म्हणाली, "तुझ्यातही असू शकेल. लग्नाच्या वेळी सांगणार होते. आज सांगितलं."

माझ्यात आहे. मला दोन मुली आहेत. धाकटीतही आहे, आणि तिला मी ते बारावीच्या सुट्टीत, दिवसाढवळ्या, समोर बसवून सांगितलं. आईनं निवडलेल्या वेळेबद्दल मी पुष्कळ वर्षं विचार केला आहे. मला शिक्षा म्हणून तिनं ते सांगितलं नाही, एवढं मला नक्की कळलंय. त्या बाकावर आम्ही दोघी पहिल्यांदाच सारख्या झालो होतो, आणि तिला एकटं राहण्याचा कंटाळा आला होता.

अभय संध्याकाळी शुद्धीवर आला. पहिलं वाक्य घोगऱ्या आवाजात बोलला ते हे, की आलेखाचा कागद पुरवणीला बांधायचा राहिला. तो बांधला होता, हे निकालात कळलं. तो पास झाला. आता तो कोडाईकनालला एका शाळेत गणितच शिकवतो, गळ्याभोवती मफलर गुंडाळून, आणि फोनवर थंडीच्या तक्रारी करतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळातून सोडलं. बाबांच्या हाताला जाड पट्टी होती. त्यांना गिअर धरता येत नव्हता. आवारात त्यांनी डाव्या हातानं किल्ली खिशातून काढली आणि माझ्यापुढे धरली. मी मागे सरले. "मला नाही जमणार," मी म्हणाले. "मोठ्या रस्त्यावर मी कधीच चालवली नाहीये."

"मी शेजारी बसतो," बाबा म्हणाले. "ऊन व्हायच्या आत निघू."

आई अभयचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसली. मी गाडी सुरू केली. क्लच दोनदा सुटून गाडी बंद पडली. दोन्ही वेळा बाबांनी फक्त किल्लीकडे बोट केलं. फाटकाबाहेर पडल्यावर समोर एग्मोरची सकाळची गर्दी होती, बसगाड्या, ऑटो, रस्ता ओलांडणारी माणसं, आणि त्या सगळ्यातून मी चालण्याच्या वेगानं निघाले. मागून हॉर्न वाजत होते. बाबा मधूनच सांगत, "डावीकडे घे," "आता दुसरा टाक," मैदानावर शिकवताना सांगत तसंच. किलपॉकच्या अलीकडे सिग्नलला थांबलो तेव्हा मागून अभयचा आवाज आला.

"ताई, एसी जरा कमी कर ना. थंडी वाजतेय."

मी हात पुढे करणार होते, पण सिग्नल सुटला. बाबांनी पट्टी बांधलेल्या हाताच्या मनगटानं ते बटण हळूच एक घर मागे ढकललं. मी पहिला गिअर टाकला. या वेळी गाडी बंद पडली नाही.